मॉलीचं पाणी

काचेच्या टाकीत काळी मॉली मासोळी जागच्या जागी डुलत होती. पोट टरारून फुगलेलं, पर मिटलेले. उज्वलाने पाणी तपासायची कागदाची पट्टी टाकीत बुडवली आणि डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिली. पाणी अजून हलकंच होतं.

शैलेशला जाऊन नऊ दिवस झाले होते. कंपनीतून परत येताना, पिरंगुटच्या रस्त्यावर अपघात झाला. तेव्हापासून कुणी भाकरी पुढे सारली की उज्वला खायची, कुणी ऊठ म्हटलं की उठायची. नवरा गेला तरी डोळ्यांत टिपूस नाही, म्हणून जांबे गावातल्या बायकांच्या तोंडाला चांगलंच काम मिळालं होतं. उज्वलाला त्याचंही काही वाटत नव्हतं. फक्त ही मॉली जगायला हवी होती. मॉली अंडी घालत नाही, जिवंत पिलं देते. त्या पिलांकडे शैलेश दोन महिने डोळे लावून बसला होता.

मॉलीला जड, क्षारांचं पाणी लागतं. तसं पाणी त्यांच्या शेतातल्या बोअरला होतं, भांड्यांवर पांढरे डाग पाडणारं. शेत विकलं. बिल्डर बोअर बुजवणार म्हटल्यावर शैलेशने शेवटचं पाणी आणून निळं पिंप भरून ठेवलं.

माणूस गेलं की घरातलं साठवणीचं पाणी ओतून टाकायचं, हा रिवाज. भावकीतल्या बायकांनी हंडे, कळश्या, पिंप, सगळं पालथं केलं. एकीने तर मॉलीच्या टाकीतलंही निम्मं उपसलं आणि टँकरच्या हलक्या पाण्याने टाकी पुन्हा भरली. सासू, रंभाबाई, उंबऱ्यात उभी राहून सांगत होती, "एक थेंब ठिवू नका." उज्वला भिंतीला टेकून बघत राहिली. सगळं बधिर झालं होतं, सासूवरचा राग तेवढा जागा होता.

शिंपल्यांचा चुरा फडक्यात बांधून तिने टाकीत सोडला होता. तो विरघळायला दिवस लागतात. मॉलीकडे तेवढे दिवस नव्हते.

"मरंल का गं ती?" रंभाबाईने दारातून विचारलं.

"मरंल. तुमीच पानी वतायला लावलं न्हवं, आत्याबाई." नऊ दिवसांत ती एवढं सलग बोलली नव्हती.

रंभाबाई आत गेली. कॉटखाली काहीतरी सरकल्याचा आवाज आला. ती परत आली ती पाच लिटरचा कॅन छातीशी धरून. मॉलीला वेगळं ठेवण्यापुरती एक बरणी त्यातून सहज भरली असती.

"पिंपातलं हाय. बायका यायच्या आदी काडून ठिवलं."

"पन तुमीच म्हनला, एक थेंब..."

"म्हनले. बाकीच्यांला." रंभाबाईने झाकण उघडलं. कॅन मात्र तिच्या हातून सुटेना. "माज्या लेकानं भरल्यालं पानी. माज्यानं आजबी वतवायचं न्हाई, उज्वला. तूच वत."