घराण्याचं नाव

शिवतेजचे बूट लालासाहेब स्वतः पुसत बसले होते. नातवाने दोनदा हात पुढे केला आणि दोन्ही वेळा त्यांनी तो बाजूला सारला. सुभेदार म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला दुसऱ्याने पुसलेले बूट पसंत पडत नाहीत. त्यात आज नातू भरतीच्या कचेरीत निघाला होता.

पळून झालं होतं, लेखी झाली होती, डॉक्टरांनी वरपासून खालपर्यंत तपासून झालं होतं, निवडीच्या यादीत नाव लागलं होतं. आता कचेरीत हजर व्हायचं, की ट्रेनिंगला रवाना व्हायची तारीख मिळणार. भरती अग्निवीरांची, म्हणजे चार वर्षांची. पण 'चार वर्षं' हे शब्द लालासाहेबांच्या कानात शिरतच नसत. बाकी त्यांचे कान चांगले होते.

शेजारचा आकाराम एकदा म्हणाला होता, "सुभेदार, चार वर्सांत तर बूट पायाला बसत्यात. बसलं की काढून ठिवायचं व्हय?" त्यावर लालासाहेब आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते.

आकारामाला गप्प करता येत होतं. घरातल्या सुनेला नाही. प्रियदर्शनीने पहिल्या दिवसापासून नको म्हटलं होतं, आणि ते तिने लपवलंही नव्हतं.

"मामंजी, ह्यांनी सतरा वर्सं पलटणीत काढली," ती म्हणाली होती. "आता पुण्यात बँकेच्या दारात बंदूक घिऊन स्टुलावर बसत्यात. शिवतेज चारच वर्सांनी आला तर त्याला स्टूल तरी गावंल का?"

लालासाहेबांनी आवाज चढवला होता. "आपल्या घरातलं पोरगं पलटणीत जायाचं का न्हाई, ह्ये कुनी इचारत न्हाई. जातंच."

"त्येच म्हंते मी. त्याला कुनी इचारलंच न्हाई."

शिवतेज पहाटे मेढ्याच्या रस्त्याला आजोबांच्या शिट्टीवर पळायचा, आणि पळून झालं की मित्राच्या वावरात स्ट्रॉबेरीची रोपं लावायला जायचा. संध्याकाळी नखांत लाल माती घेऊन यायचा. "सैनिकाचं हात हायेत का माळ्याचं?" असं लालासाहेब विचारायचे. तो हसून हात धुवायला जायचा.

काल संध्याकाळी मायलेक मागच्या पडवीत कितीतरी वेळ बोलत बसले होते. लालासाहेब आत आले तसे दोघंही गप्प झाले. तेव्हापासून म्हाताऱ्याच्या जिवाला थारा नव्हता. ही बाई उद्या एसटीच्या थांब्यावर, चार लोकांत, गळा काढणार. पोरगं मऊ आहे, विरघळणार. तीन पिढ्यांचं नाव मातीत जाणार.

तसं काहीच झालं नाही. प्रियदर्शनीने लेकाला ओवाळलं, तळहातावर दही ठेवलं. एसटी आली तेव्हा आकारामासकट निम्मी आळी थांब्यावर जमली होती. तिने शिवतेजची कॉलर सारखी केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "जा. आन् नाव काढ."

शिवतेज तिच्याकडे बघत राहिला. "काढू?"

"काढ म्हंते न्हवं. हितं मी हाय."

लालासाहेबांचे डोळे भरून आले. इतकी वर्षं ही सून त्यांना परकी वाटत आली होती, आणि आज त्यांना तिचा अभिमान वाटला. एसटी वळणाआड गेली तरी ते ताठ उभे होते. "ऐकलंस का, गड्या?" त्यांनी आकारामाला कोपर मारलं. "सुभेदाराची सून हाय."

मग दिवस काही सरेना. ते सोप्यात फेऱ्या मारत, मध्येच देवळाच्या पायरीवर जात, कारण रेंज तिथेच यायची, आणि फोन हलवून बघत परत येत. जेवायला बसले आणि अर्ध्या भाकरीवर उठले. कागदात खोट काढली तर? ऐनवेळी पोराने कच खाल्ली तर?

प्रियदर्शनीचंही ताट तसंच होतं. दुपारी तीही देवळाच्या पायरीवर येऊन बसली. तिची बोटं पदराशी चाळा करत होती. म्हाताऱ्याला भडभडून आलं.

"पोरी, मी तुला लय बोललो आजवर. मनात धरू नगंस."

"न्हाई धरत, मामंजी," ती म्हणाली. "तुमीबी धरू नगा."

उन्हं कलताना फोन वाजला. लालासाहेबांनी पहिल्याच घंटीला उचलला.

"आबा, आई हाय का जवळ?"

"हाय. आदी मला सांग. झालं का काम?"

"झालं. आईला सांगा, तिनं सांगितलं तसं केलं. नाव काढलं."

लालासाहेबांनी पायरीवरूनच हाळी दिली, "आकाराम, नाव काढलं रं पोरानं!" आकाराम पेढे आणायला निघाला. कुणीतरी हलगीवाल्याला बोलवायला धावलं. फोनमधून "आबा, ऐका की" असं येत होतं, पण आबा आता कुणाचंच ऐकण्याच्या अवस्थेत नव्हते. त्यांनी कौतुकाने फोन सुनेच्या हातात दिला.

प्रियदर्शनीने फोन कानाला लावला आणि हलक्या आवाजात विचारलं, "यादीत परत घालनार न्हाईत न्हवं रं?"