चार्जर

मृण्मयी दर शुक्रवारी एका प्रोग्रामिंग भाषेच्या बातमीपत्रात नव्या घडामोडी लिहायची. आज नव्या आवृत्त्यांच्या यादीत पहिलंच नाव होतं विद्वांससरांचं. त्यांच्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती सकाळी त्यांच्याच खात्यावरून आली होती आणि चाळीस हजार लोकांनी ती डाउनलोडही केली होती.

सरांना जाऊन वीस दिवस झाले होते.

तिनं घाईघाईनं त्यांच्या पत्नीला फोन लावला. "काकू, सरांचा लॅपटॉप कुठंय?"

"तेराव्याला तुमच्या प्रोग्रामिंगच्या गटातले एक गृहस्थ घेऊन गेले ना! यांचं अर्धवट काम पुरं करतो म्हणाले. पासवर्डची डायरीही मीच दिली."

"काकू, आमच्यातलं कुणीच आलं नव्हतं."

पलीकडे दारावरची बेल वाजली.

"तेच असतील गं," काकू कुजबुजल्या. "आज चार्जर न्यायला येतो म्हणाले होते."