काकडीला ताप

“मले काहून सांगता वं मावशी? भट्टीत टाकणं माझं काम. हा शेवटचा वेल मी नाही उचलत,” नागसेन दाराशी कुरकुरत होता.

वेलांची देखभाल करणाऱ्या इंदूबाईंनी कानाडोळा केला. सक्करदऱ्याच्या त्या काचघरात लस अंगात घेऊन वाढणाऱ्या काकड्या होत्या. लेकरांनी काकडी खायची, सुईचं कामच नाही. प्रयोग संपला होता. नियमाप्रमाणे आज सगळे वेल जाळायचे होते. सकाळपासून सत्तावीस जळले, हा एक उरला.

आणि याला ताप होता.

प्रयोग करणाऱ्या वैभवी मॅडमनी थर्मामीटर पानावर रोखलं. एकशे दोन. “काचेतून ऊन लागलं असेल,” त्या म्हणाल्या. बाहेर पौषातलं धुकं होतं, आणि कुंडीतली माती गारढोण.

इंदूबाईंनी पदराचं टोक भिजवून पानावर ठेवलं. लस टोचून आणलेल्या नातवंडांच्या कपाळावर त्या अशीच पट्टी ठेवायच्या. एरवी नागसेननं टिंगल केली असती. आज तो दारातून आत आला.

थोड्या वेळानं थर्मामीटरवर अठ्ठ्याण्णव दिसलं.

“उतरला,” नागसेन बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

“चला, आटपा,” म्हणत मॅडमनी कात्री उघडली. इंदूबाई हात मागे घेऊ लागल्या, पण घेता येईना. वेलाच्या कोवळ्या तंतूनं त्यांचं बोट धरलं होतं, आणि पकड घट्ट होत होती.

कात्री तशीच उघडी राहिली.

“मॅडम,” नागसेन म्हणाला, “मंग सकाळपासून मी भट्टीत काय टाकून राहिलो?”