आठ दिवसांची ड्यूटी

शालिनी भांबरे कोर्टाच्या निकालाची प्रत घेऊन तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात हजर झाली, तेव्हा तिच्या निवृत्तीला आठ दिवस उरले होते. बावीस वर्षांपूर्वी इथंच एक बाळंतीण दगावली होती. डॉक्टर जागेवर नव्हते, पण ठपका नर्सवर आला आणि शालिनीला बडतर्फ केलं गेलं. खालच्या कोर्टांत ती हरत गेली. शेवटी सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की या बाईंचा काही दोष नव्हता, त्यांना कामावर परत घ्या.

"आता कशाला जाता? पेन्शन घरबसल्या मिळेल," वकील म्हणाले होते. तिनं ऐकलं नाही.

मेट्रन वयानं तिच्या मुलीएवढी होती. प्रत वाचून तिनं उठून खुर्ची पुढे केली. "बसा ताई. रोज सही करा आणि इथंच आराम करा. आठ दिवसांचा तर प्रश्न आहे."

"बसून बावीस वर्षं झाली," शालिनी म्हणाली. "मला बाळंतिणींचा वॉर्ड द्या."

मेट्रननं ड्यूटीच्या तक्त्यात तिचं नाव लिहिलं.

वॉर्डात शिरताना मात्र शालिनी दाराशीच थांबली. पहिल्याच खाटेवर एक पोरगी कळा सोसत होती. शालिनीनं हात धुतले, तिच्या पोटावर अलगद हात ठेवला आणि तिच्याबरोबर श्वास घेऊ लागली. हळूहळू तिची स्वतःची धडधडही शांत झाली.

कळ ओसरल्यावर पोरीनं विचारलं, "सिस्टर, तुम्ही इथं नवीन का?"

"हो गं," शालिनी म्हणाली. "आजच कामाला लागले."