फक्त तुमच्यासाठी

ती उभी राहिली आणि तिच्या मागे एकही खुर्ची वाजली नाही.

असं ठरलं नव्हतं. ती उठली की सगळ्यांनी उठायचं, असं ठरलं होतं. बोलायचं तिने एकटीने, पण उभं राहायचं सगळ्या आईबापांनी. शाळा सुरू झाल्यापासून 'ब' तुकडीला गणिताला शिक्षकच नव्हता. शेजारच्या 'अ'ला सर होते. 'ब'ची मुलं गणिताच्या तासाला नकाशे रंगवत बसायची. तिची मुलगी पूर्वी बेरजा तोंडी करायची, आता गृहपाठ मैत्रिणीचा बघून उतरवत होती. आई बघतेय हे कळलं की वहीवर हात ठेवायची.

"अजून कुणाची तक्रार आहे?" मोठ्या बाईंनी विचारलं. आवाज अगदी गोड होता.

तिने मागे वळून पाहिलं. कुणी फोनमध्ये डोकं घातलं होतं, कुणी पर्सची चेन उघडझाप करत होतं. वरच्या मजल्यावरच्या वहिनी तर भिंतीवरचा जगाचा नकाशा असा वाचत होत्या, जणू उद्या तिकडेच निघाल्यात. बैठक त्यांच्याच घरी झाली होती. "आता माघार नाही" हे सगळ्यात मोठ्याने त्याच म्हणाल्या होत्या, चहाचा ट्रे हातात घेऊन. आणि आज सगळे मूग गिळून बसले होते.

"म्हणजे तुमच्या एकटीचीच आहे," बाई म्हणाल्या. "बघते मी. बसा."

ती बसली. कान तापले होते. 'बघते मी' म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? वॉशिंग मशीनच्या कंपनीत ती फोनवर तक्रारी घ्यायची. एकटं माणूस ओरडत असलं की त्याला कसं थंड करायचं, हे तिला नोकरीतच शिकवलं होतं. म्हणून तर तिने सगळ्यांना बजावलं होतं, की एकेकटं बोललात तर तुम्ही कटकटे ठराल, सगळे मिळून बोललात तरच मशीन बिघडलंय असं मानतील. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

शाळेच्या जिन्यात तिने वहिनींना गाठलं. भांडायचंच ठरवलं होतं. वहिनींनी किल्ल्या शोधता शोधता, खाली बघूनच सांगून टाकलं. काल बाईंचा फोन आला होता. त्यांच्या मुलाला सोमवारपासून 'अ'मध्ये घेतायत. एकच जागा आहे, कुणाजवळ बोलू नका, असं बजावलंय.

"मी तरी काय करणार?" वहिनी म्हणाल्या. "पोराचं वर्ष आहे गं."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, असं तिला वाटलं. आणि कापणारी बाई उद्या पुन्हा लिफ्टमध्ये भेटणार होती.

घरी आल्यावर तिने सगळं नवऱ्यापुढे ओकलं. वहिनी, नकाशा, पर्सच्या चेन, सगळं. तो रंगकाम करायचा. आजही नखांत पांढरा रंग होता, आणि तो नखंच कोरत बसला. मग म्हणाला, की फोन आपल्याकडेही आला होता. तू कामावर होतीस. मी हो म्हटलं.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुझ्या पोटात काही राहतं का? चारचौघांत बोलली असतीस, मग गेलंच असतं सगळं."

"मला तिथे एकटीला उभं राहू दिलंस."

"आपल्या पोरीचं झालं ना? बाकीच्यांचं आपल्याला काय करायचंय?"

तिने आतल्या खोलीत जाऊन दार लावलं. वहिनींचा आला नव्हता इतका राग तिला ह्याचा आला. पण त्या रागाखाली कुठेतरी तिला हलकंही वाटत होतं. पोरीला सर मिळणार. ह्या हलकं वाटण्याची तिला फार लाज वाटली, तरी ते काही जाईना. बाईंना फोन करून 'नको' म्हणावं असं तिच्या मनात आलं. तिने फोन हातात घेतला आणि पुन्हा गादीवर ठेवला.

सोमवारी शाळेच्या फाटकाशी कुणी कुणाशी बोललं नाही. एरवी तिथे भाजीपासून सासूपर्यंत सगळे विषय निघायचे. आज जो तो आपल्या मुलाचा हात सोडून घाईने वळत होता. वहिनींनी स्कूटर सुरू करताना तिच्याकडे पाहिलं नाही. तिनेही पाहिलं नाही. तिला आता कुणाला नावं ठेवायची सोय उरली नव्हती.

कामावर दिवसभर ती गिऱ्हाइकांना एकच वाक्य ऐकवत राहिली, "हे फक्त तुमच्यासाठी करतोय हं, बाहेर बोलू नका." हे वाक्य ती रोजच म्हणायची. आज म्हणताना मध्येच अडखळली. पण तेवढ्यात पुढचा फोन आला.

संध्याकाळी मुलगी दप्तर टाकून पाणी प्यायला लागली.

"गेलीस ना 'अ'मध्ये?" तिने विचारलं.

"हो."

"आणि कोण कोण आलं?"

"सगळेच."

"सगळे म्हणजे?"

"आमचा अख्खा वर्ग."

"मग गणिताचे सर काय म्हणाले?"

"ते शेजारीच शिकवतात. त्या वर्गाला आता 'प्रगत' म्हणायचं." मुलीने ग्लास उपडा ठेवला. "आम्ही कुठेच गेलो नाही गं आई. सकाळी शिपाईकाकांनी स्टूल आणलं आणि आमच्या दारावरची पाटी बदलली."