तिसऱ्या खेपेचा साबण

रबरी हातमोजे घालून वसुधाने कॉस्टिक सोडा सावकाश पाण्यात सोडला. पहिल्या दोन खेपांच्या साबणवड्या तिने पारखायला जिभेला लावल्या तेव्हा झोंबल्या, म्हणून तिने त्या फेकल्या होत्या. या वेळी सोडा आणखी कमी घेतला होता.

"दुकानात साबण मिळतो म्हणे," सासूबाई भाजी निवडताना म्हणाल्या.

"त्याने शर्वरीच्या अंगाला भेगा पडतात, माई. अंघोळ म्हटलं की रडते पोर."

सोड्याचं पाणी खोबरेलात ओतून तिने ते दाट होईपर्यंत घोटलं. महिनाभराने सुकलेली वडी जिभेला लावली; झोंबली नाही. तरी आधी आठवडाभर ती स्वतःच त्या साबणाने न्हाली. मगच लेकीला हाक मारली.

शर्वरी न्हाणीच्या दारातच थांबली, हात पाठीमागे. "आग होईल."

"कुठे लावू, तू सांग."

बऱ्याच वेळाने एक बोट पुढे आलं. "फक्त करंगळी."

वसुधाने तेवढ्याच बोटाला फेस लावला, ते धुतलं, पुसलं.

"एका करंगळीसाठी एवढा खटाटोप?" माई म्हणाल्या.

"हो," वसुधा म्हणाली.

शर्वरी करंगळी डोळ्यांजवळ नेऊन बघत राहिली. मग तिने शेजारचं बोट पुढे केलं.