पुलावरचा राक्षस

"बाबा, तलवारबाजी घ्या. पुढे राक्षस आहे," शर्वाणीने वडिलांना, दिवाकररावांना, पुन्हा समजावलं. जेवणाच्या टेबलावर नकाशा आणि फासे मांडून ती योद्ध्यांच्या साहसकथेचा खेळ चालवत होती. चौथा गडी आला नाही म्हणून त्यांना बसवलं होतं. प्रत्येकाच्या योद्ध्याला एक नवं कौशल्य मिळणार होतं. तिच्या दोघा मित्रांनी मारामारीचीच घेतली. दिवाकररावांनी मात्र निवडलं, 'समोरच्याला बोलतं करणे'.

"काका, वाया घालवलंत!" एक मित्र कळवळला.

पुलावर राक्षस आडवा आला आणि त्याने दोन्ही मित्रांना पहिल्याच फटक्यात लोळवलं. उरले दिवाकरराव. त्यांनी फासा टाकला आणि दान मोठं पडलं, म्हणजे कौशल्य चालणार होतं. मग त्यांनी राक्षसाला विचारलं, "एकटाच उभा असतोस का रे दिवसभर? घरी कोण असतं?"

राक्षसाचा घोगरा आवाज अर्थातच खेळ चालवणाऱ्या शर्वाणीचा होता. "वडील असतात," राक्षस गुरगुरला. "पण ते फक्त गॅस बंद केलास का, एवढंच विचारतात."

बोलून गेल्यावर शर्वाणीने जीभ चावली. दिवाकररावांनी हातातला फासा खाली ठेवला.

"आज काय खावंसं वाटतंय राक्षसाला?" त्यांनी हळूच विचारलं.

"थालीपीठ," राक्षस म्हणाला, पण आता आवाज मुळीच घोगरा नव्हता.

दिवाकरराव उठून स्वयंपाकघरात गेले.

"काका, आम्ही मेलोय की जिवंत आहोत?" मित्रांनी ओरडून विचारलं.

"जरा तसेच पडून राहा," आतून उत्तर आलं. "भाजणीचा डबा सापडत नाहीये."